सरासरी वय २५.८ : हॉवर्थच्या दफनभूमीचं प्रकरण

"पाणी कुठनं भरायची रं ही लोकं?"

शेवाळानं हिरव्या झालेल्या फरशीवर उभं राहून मावशीनं हे विचारलं, तेव्हा आजूबाजूचे बहुतेक जण एमिली ब्राँटेची कबर शोधत फिरत होते. मावशीनं ब्राँटे भगिनींची, म्हणजे शार्लट, एमिली आणि ॲन या इथल्याच कादंबरीकार बहिणींची, एकही ओळ वाचलेली नाही. तिचा जन्म इचलकरंजीत, मागाच्या घरात गेला. तिला ते दगड दिसले, झाडं दिसली, उतार दिसला आणि उताराच्या खाली लागून असलेली घरं दिसली. ज्या बाईनं पहाटे उठून नळाच्या रांगेत हंडे लावले, ती उतार पाहते आणि पाण्याचा विचार करते. मी त्याआधी एकदा इथे येऊन गेलो होतो, फोटो काढले होते, हा प्रश्न मला सुचला नव्हता.

मजा अशी, की १८५० साली लंडनहून आलेल्या एका सरकारी निरीक्षकाचाही पहिला प्रश्न जवळपास हाच होता. त्याच्या चौकशीमुळे हॉवर्थची दफनभूमी इंग्लंडातल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात जाऊन बसली. तेव्हापासून या गावाची गोष्ट सांगताना दफनभूमी हीच खलनायिका ठरते: मेलेल्यांनी जिवंतांना मारलं, अशी. मला वाटतं, त्यात साप साप म्हणून भुई धोपटण्याचा बराच भाग आहे. म्हणून हे प्रकरण जरा नीट मांडून पाहतो.

गाव आणि धंदा

हॉवर्थ हे उत्तर इंग्लंडात वेस्ट यॉर्कशरमध्ये, ब्रॅडफर्डच्या पश्चिमेला साधारण १६ किलोमीटरवर, पेनाइन डोंगररांगेच्या अंगावर आहे. लीड्सहून कीथलीपर्यंत साधी आगगाडी आणि तिथून वाफेची. ही छोटी रेल्वे १८६७ साली मुख्यतः खोऱ्यातल्या गिरण्यांसाठी झाली. १९६२ मध्ये सरकारी रेल्वेनं ती बंद केली आणि १९६८ मध्ये हौशी स्वयंसेवकांनी पुन्हा सुरू केली. स्टेशन खाली, गाव वर. दगडी चिऱ्यांची मुख्य गल्ली इतकी उभी आहे, की मावशीनं दोनदा कमरेवर हात ठेवून थांबून घेतलं. गल्लीच्या माथ्यावर सेंट मायकल चर्च, चर्चला लागून दफनभूमी, तिच्या वरच्या अंगाला पाद्र्याचं घर आणि त्याच्या मागे उघडं माळरान. वरून खाली हाच क्रम आहे: माळ, पाद्री, मेलेले, जिवंत. पुढचं सगळं समजायला हा क्रम लक्षात ठेवावा लागतो.

गावाचा धंदा लोकरीचा. आपल्याकडे लोकर म्हटलं की धनगर आणि सणगर आठवतात, घोंगडं आठवतं. हॉवर्थची लोकर वेगळी. इथे व्हायचं ते वर्स्टेड, म्हणजे सुटाच्या कापडाचं गुळगुळीत, घट्ट सूत. त्याला लांब धाग्याची लोकर लागते आणि ती पिंजून चालत नाही, विंचरावी लागते. पिंजारी कापूस फुलवतो, त्यात तंतू कसेही विखुरतात. विंचरण्यात उलटं करायचं असतं: सगळे लांब तंतू एका दिशेनं सरळ करायचे आणि आखूड तंतू बाजूला काढायचे. लांब केसांची वेणी घालण्याआधी आई फणीनं करते तेच काम, फक्त फणी मोठी, लाकडी दांड्याची, पोलादी दातांच्या ओळींची. आणि ती गरम लागते. थंड फणीनं लोकर तुटते. म्हणून खोलीच्या मध्यभागी कोळशाची शेगडी, तिच्यावर तापत ठेवलेल्या फण्या, तेल लावलेली लोकर आणि शेगडीभोवती दोन-तीन माणसं.

हे काम गिरणीत नाही, घरात चालायचं. ज्या खोलीत शेगडी, त्याच खोलीत बिछाने. खिडकी उघडली तर ऊब जाते, म्हणून खिडकी बंद. शेगडी विझली तर पुन्हा पेटवायला कोळसा आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून ती रात्रंदिवस चालू. मावशीला हे सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "आमच्यात तूस उडायचं. हितं धूर." माग आणि घर एकाच छपराखाली असलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नसते.

विंचरणारे स्वतःला कारागीर समजत आणि एके काळी त्यांचा तोराही होता. त्यांचा संत होता बिशप ब्लेझ. लोखंडी फण्यांनी त्याचं अंग फाडून त्याला मारलं, अशी त्याची कथा, म्हणून तो विंचरणाऱ्यांचा. १८२५ च्या फेब्रुवारीत ब्रॅडफर्डमध्ये त्याच्या नावानं मोठी मिरवणूक निघाली, मालक आणि कामगार एकत्र. त्याच वर्षी काही महिन्यांनी विंचरणारे आणि विणकर संपावर गेले. संप २३ आठवडे चालला आणि कामगार हरले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सॅम्युअल लिस्टर आणि आयझॅक होल्डन यांची विंचरण्याची यंत्रं आली. हातानं विंचरणाऱ्याचा दर पडत गेला. दर पडला की तास वाढतात. तास वाढले की शेगडी आणखी पेटती राहते. १८५० साली निरीक्षक हॉवर्थमध्ये आला, तेव्हा हा धंदा शेवटचे आचके देत होता. ही गोष्ट दफनभूमीच्या गोष्टीत सहसा सांगत नाहीत, पण मला ती मध्यवर्ती वाटते.

अर्ज करणारा पाद्री

ब्राँटे भगिनींचा बाप, पॅट्रिक ब्राँटे, १८२० साली बायको आणि सहा लहान मुलं घेऊन हॉवर्थला आला. आयर्लंडमधल्या काउंटी डाउनचा, गरीब घरातला. पुढच्या वर्षी, १८२१ मध्ये बायको मारिया गेली. १८२५ च्या मे-जूनमध्ये मारिया आणि एलिझाबेथ या थोरल्या दोघी मुली, ११ आणि १० वर्षांच्या, शाळेतून आजारी होऊन परत आल्या आणि गेल्या. १८४८ च्या सप्टेंबरात मुलगा ब्रॅनवेल, डिसेंबरात एमिली. १८४९ च्या मे महिन्यात ॲन.

ॲन गेल्यानंतर तीन महिन्यांनी, ऑगस्ट १८४९ मध्ये, या माणसानं लंडनच्या आरोग्य मंडळाकडे अर्ज धाडला: आमच्या गावच्या पाण्याची आणि सांडपाण्याची चौकशी करा. तारखा अशा शेजारी ठेवल्या की कारण-परिणाम आपोआप जुळल्यासारखे वाटतात, पण तसं करायची घाई नको. तो गावचा पाद्री होता, आठवड्याला दोन-तीन वेळा कुणा ना कुणाला पुरत होता. आणि असली पत्रं लिहायची त्याची जुनी खोड होती. १८४४ साली त्यानं लीड्सच्या एका वर्तमानपत्राला लिहिलं, की इथल्या इतक्या वर्षांत आपण कपड्यांनी पेट घेऊन भाजून मेलेली नव्वद ते शंभर मुलं पुरली आणि चौकशी केली तेव्हा प्रत्येक वेळी अंगावर सुती किंवा तागाचं कापड निघालं. लोकरीचे किंवा रेशमी कपडे घाला, असा त्याचा सल्ला. लोकरीच्या गावात मुलांच्या अंगावर मात्र स्वस्त सुती कापड. शेजारच्या लँकशर परगण्यात सुती गिरण्यांचं राज्य होतं आणि लोकर विंचरणाऱ्याला स्वतःची लोकर परवडत नव्हती. कापडाचा आणि या दफनभूमीचा इतका थेट संबंध दुसऱ्या कुठल्या कागदात मला दिसलेला नाही.

अर्जाचा आधार होता १८४८ चा सार्वजनिक आरोग्य कायदा. त्यात चौकशीचे दोन मार्ग होते. एक, गावातल्या दहा टक्के करदात्यांनी मागणी करायची. दोन, सात वर्षांची सरासरी काढून मृत्यूचं प्रमाण हजारी २३ च्या वर गेलं तर मंडळानं स्वतःहून यायचं. हा २३ चा आकडा वाचून माणूस दचकतो. म्हणजे हजारी बावीस माणसं मेली तर ते ठीकच, असं सरकारचं मत होतं.

मोजणारा मुलगा

एप्रिल १८५० मध्ये मंडळाचा निरीक्षक आला. नाव बेंजामिन हर्शेल बॅबेज. गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजचा हा थोरला मुलगा. बापानं आयुष्यभर आकडे मोजणारं यंत्र बांधायचा ध्यास घेतला, मुलानं हॉवर्थचे उकिरडे आणि शौचकूप मोजले. माझ्या मते मुलाचं काम जास्त अवघड होतं.

त्याच्या अहवालातलं गाव असं: गटारं नाहीत, फक्त पावसाचं पाणी वाहून न्यायला इकडेतिकडे झाकलेल्या मोऱ्या. सगळ्या गावाला ६९ शौचकूप, आणि एका ठिकाणी २४ घरांत मिळून एक. घरांच्या भिंतीला लागून उकिरडे, त्यात राख, मैला, खाटकाच्या दुकानातली आतडी-कातडी, शेजारी डुकरांचे गोठे. पाण्याला विहिरी आणि हापसे, त्यातलेही काही बंद. उन्हाळ्यात एका विहिरीचं पाणी इतकं मंद झिरपे, की सोमवारच्या धुण्यासाठी बायका रात्री दोन-तीन वाजता रांगेला उभ्या राहत. आणि ते पाणी कधी कधी इतकं हिरवं आणि कुजकं, की गुरंही तोंड लावत नसत. विंचरणाऱ्यांच्या बंद, तापलेल्या खोल्याही त्यानं पाहिल्या आणि अहवालात नोंदवल्या.

मग दफनभूमी. त्याआधीच्या दहा वर्षांत इथे १३४४ दफनं झाली होती. वर्षाला सुमारे १३४, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी एक, एका छोट्याशा, उताराच्या, आधीच भरलेल्या तुकड्यात. तिथे पूर्वापार किती जणांना पुरलं, याचा जो अंदाज आज सांगितला जातो तो चाळीस हजारांच्या पुढचा आहे. त्या जागेत उभं राहिलं की आकडा अशक्य वाटतो, आणि मग पायाखाली एका फरशीला दुसरी फरशी चिकटलेली दिसते.

बॅबेजला या फरश्या खटकल्या. इथली पद्धत म्हणजे उभा दगड रोवण्याऐवजी कबरीवर मोठी आडवी शिळा टाकायची. शिळेला शिळा लागली की गवत उगवत नाही, हवा खेळत नाही, खालचं शरीर लवकर कुजत नाही. शिळा बंद करा, दफनभूमीच बंद करा, असं त्यानं सुचवलं. त्या काळची समजूत अशी होती, की रोग दूषित हवेतून, दुर्गंधीतून पसरतात. पाण्यातून कॉलरा पसरतो, हे जॉन स्नोनं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर दाखवलं ते १८५४ साली, आणि तेव्हाही सगळ्यांना ते पटलं नाही. त्यामुळे बॅबेजच्या नाकानं दफनभूमी हेरणं स्वाभाविक होतं.

२५.८ म्हणजे काय

अहवालातला सगळ्यात गाजलेला आकडा: हॉवर्थमध्ये मरणाऱ्याचं सरासरी वय २५.८ वर्षं. लंडनच्या सगळ्यात दाट, गलिच्छ वस्त्यांच्या बरोबरीचं. दुसरा आकडा तितकाच भयंकर: मरणाऱ्यांतली ४१.६ टक्के मुलं सहा वर्षांच्या आतली.

पहिला आकडा आज चुकीच्या पद्धतीनं सांगितला जातो. तिथे फिरताना मी एका गृहस्थांना आपल्या मुलीला सांगताना ऐकलं, की इथली माणसं पंचविशीतच मरत. नाही मरत. दोन्ही आकडे एकत्र ठेवून साधा हिशोब करा. ४१.६ टक्के मुलं सरासरी दीड वर्षाची असताना गेली असं धरलं (दीडाऐवजी दोन धरलं तरी फार फरक पडत नाही), तर उरलेल्यांच्या मृत्यूचं सरासरी वय निघतं सुमारे ४३. बालपण ओलांडलेल्या माणसाचं चित्र मग एकदम बदलतं. त्रेचाळीस हेही वाईटच. पण त्यात सत्तरी गाठलेले म्हातारे आहेत आणि तिशीत क्षयानं गेलेले विंचरणारेही आहेत. खुद्द पॅट्रिक ब्राँटे ८४ वर्षं जगला, त्याच घरात, दफनभूमीला खिडकी लावून. त्याच्या घरची मोलकरीण टॅबी, म्हणजे टॅबिथा ॲक्रॉइड, तीही ८४ च्या आसपास जाऊन १८५५ मध्ये गेली. सरासरी ही एक विचित्र गोष्ट आहे. ती ज्या वयाचं नाव घेते, त्या वयाला मरणारे त्यात थोडेच असतात.

आणखी एक बाब. मरणाऱ्यांचं सरासरी वय आणि जन्मवेळचं आयुर्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या गावात जन्म भरपूर आणि तरुण कुटुंबं जास्त, तिथे मरणाऱ्यांतही लहान मुलांचा वाटा आपोआप वाढतो. गिरण्यांच्या मुलखातली गावं तेव्हा तशीच होती. म्हणजे २५.८ हा आकडा खोटा नाही, पण तो गावाची प्रकृती जितकी सांगतो तितकंच गावाचं वयही सांगतो. बॅबेजच्या मूळ आरोपाला यानं धक्का लागत नाही. दर शंभर मृत्यूंमागे ४१ मुलं सहाव्या वाढदिवसाआधी जाणं, याला कुठलाही हिशोब सौम्य करू शकत नाही.

दफनभूमी किती दोषी

आता मावशीचा प्रश्न. हॉवर्थला आलेला जवळजवळ प्रत्येक जण ऐकतो, की ब्राँटे कुटुंबाच्या पिण्याच्या पाण्यात कबरींचा निचरा होता आणि म्हणून मुली मेल्या. ऐकायला जबरदस्त. पण जागेवर उभं राहून पाहा. पाद्र्याचं घर दफनभूमीच्या वरच्या अंगाला आहे. पाणी वर चढत नाही. त्यांच्या विहिरीत पाणी यायचं ते मागच्या माळाकडून. १८४७ साली त्यांनी ती उपसून साफ करून घेतली. पाण्याला पिवळसर रंग आला होता, आणि निघाले काय तर गंजून चाललेले पत्र्याचे डबे. वीस वर्षांत विहीर साफ झाली नव्हती. गंज हे काही अमृत नव्हे, पण ते प्रेतही नव्हे. आणि एमिली, ॲन गेल्या त्या क्षयानं. क्षय श्वासातून पसरतो, विहिरीतून नाही.

खालच्या गावाचं वेगळं. तिथे उताराचा प्रत्येक थेंब दफनभूमीतून, मग उकिरड्यांतून, मग शौचकुपांच्या खड्ड्यांतून झिरपत विहिरीत पोचत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या एका अहवालात म्हटलं आहे, की पिण्याच्या विहिरीपासून दफनभूमी किमान २५० मीटर दूर हवी. हॉवर्थमध्ये दफनभूमीची भिंत संपते तिथे गल्ली सुरू होते. म्हणजे दफनभूमी निर्दोष नव्हती. पण त्या उतारावरचा रोज ताजा पडणारा मैला जिवंत माणसांचा होता. जुलाब, आमांश, टायफॉइड यांचे जंतू आजारी माणसाच्या पोटातून निघून निरोगी माणसाच्या पोटात जातात, आणि त्यासाठी ६९ शौचकूप, शून्य गटारं आणि उघडी विहीर एवढी यंत्रणा पुरेशी आहे. सगळ्या कबरी उचलून दुसऱ्या खोऱ्यात नेल्या असत्या, तरी मुलं मेलीच असती.

यात विंचरण्याच्या खोलीची भर घाला: कोळशाचा धूर, बंद खिडकी, एका खोलीत सात-आठ जण आणि त्यातला एक खोकणारा. क्षयाला याहून चांगली जागा कुणी मुद्दाम बांधली नसती. मला या प्रकरणात सगळ्यात खटकतं ते हे. दफनभूमी दिसते, वास येतो, फोटो येतो. ती सार्वजनिक असल्यामुळे तिच्यावर बोट ठेवणं सोपं. शेगडी खासगी घरातली आणि ती विझवायची तर विंचरणीचा दर वाढवावा लागतो. तो विषय आरोग्य मंडळाच्या कक्षेत नव्हता. ब्रॅडफर्डच्या विंचरणाऱ्यांनी मात्र १८४५ साली स्वतःच्या घरांची पाहणी करून स्वतःच अहवाल काढला होता. बॅबेजच्या पाच वर्षं आधी.

पुढे काय झालं

थोडक्यात सांगण्यासारखं आहे, कारण बराच काळ काहीच झालं नाही. अहवाल १८५० मध्येच छापून आला. पुढच्या वर्षी स्थानिक आरोग्य मंडळ स्थापन झालं. मग ज्यांच्या घरी स्वतःचं पाणी होतं त्यांनी विचारलं, की दुसऱ्यांच्या पाण्यासाठी आम्ही कर का भरावा. पॅट्रिक ब्राँटे पत्रं लिहीत राहिला, दिरंगाईबद्दल तक्रारी करत राहिला. गावासाठी छोटा जलाशय झाला तो १८५८ च्या सुमाराला. शार्लट त्याच्या तीन वर्षं आधी, ३१ मार्च १८५५ रोजी गेली होती. पॅट्रिक १८६१ मध्ये गेला, सहाही मुलांच्या नंतर.

१८५० च्या दशकात इंग्लंडात दफनाचे नवे कायदे झाले आणि भरलेल्या चर्च-दफनभूमी एकेक करून बंद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हॉवर्थमध्ये १८६४ साली दफनभूमीत झाडं लावली, मुळांनी जमीन मोकळी व्हावी, ओल शोषली जावी म्हणून. आज तिथे जी दाट, अंधारी, कावळ्यांच्या जातीतल्या रूक पक्ष्यांनी भरलेली झाडी दिसते आणि जिच्यामुळे पर्यटकांच्या अंगावर काटा येतो, ती मुळात एक स्वच्छता-योजना आहे. ब्राँटे मुलींनी ती पाहिलेली नाही. त्यांच्या खिडकीसमोर उघड्या, करड्या शिळांचं पटांगण होतं. शतकाच्या अखेरीला गावाबाहेर, माळाच्या कडेला नवी दफनभूमी झाली.

जुनं चर्चही त्यांचं नाही. मनोऱ्याचा भाग सोडून ते पाडलं आणि १८७९ ते १८८१ मध्ये नवं बांधलं.

जाणाऱ्यांसाठी

एमिलीची कबर दफनभूमीत नाही. कुटुंबाची समाधी चर्चच्या आत, फरशीखाली आहे, आणि ॲन तर ईशान्येला समुद्रकाठच्या स्कारबरोत पुरलेली आहे. तिच्या दगडावर वय चुकलं होतं, २९ ऐवजी २८. दफनभूमीत ब्राँटेंच्या घरातली भेटेल ती टॅबी, पाद्र्याच्या बागेच्या भिंतीजवळ. माळाकडे जाणाऱ्या पायवाटेच्या पाट्या जपानी भाषेतही आहेत, एवढी गर्दी मुलींसाठी येते. टॅबीजवळ आम्ही गेलो तेव्हा कुणीच नव्हतं.

पाऊस नुकताच पडून गेला असेल तर शिळा फार निसरड्या असतात. कडेकडेनं चाला, आणि ऊन तिरकं असेल अशा वेळी जा, अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. ग्रीनवूड, फेदर, हीटन, पिकल्स, तीच तीच आडनावं येत राहतात. वरच्या ओळीत बहुधा एखादं मूल, त्याखाली दुसरं, कधी तिसरं आणि चौथं, वय महिन्यांत. मग आई. मग बाप. वयं वाचायला लागलात की बॅबेजचा तक्ता आपोआप तयार होतो. पण एक रकाना रिकामा राहतो. नाव, गाव, तारीख, वय, देवाचं वचन, सगळं असतं. धंदा क्वचित. जे गाव लोकर विंचरून जगलं आणि त्या विंचरण्यातच झिजलं, त्याच्या शिळांवर फणी नाही. आणि ज्यांना शिळाच परवडली नाही, त्यांचं तर काहीच नाही.

दगडावर एकदम सगळं कोरलेलं नसतं, हे मावशीच्या लक्षात आलं. मृत्यू येईल तशी ओळ खाली वाढत जाते. अक्षराची ढब बदलते, खोली बदलते, कारण मधल्या काळात कोरणाराही बदललेला असतो. एका शिळेपाशी ती बराच वेळ थांबली. वरच्या अर्ध्या भागात चार नावं होती. खालचा अर्धा भाग घासून गुळगुळीत केलेला आणि कोरा.

"हितं कोण यायचं ऱ्हायलं?"

कोण असेल ते मला सांगता येईना. धंदा बसला तेव्हा पुष्कळ घरं ब्रॅडफर्डच्या गिरण्यांकडे खाली उतरली, काही कीथलीत गेली, काहींनी समुद्र ओलांडला. नाहीतर माणूस गावातच राहिला असेल आणि त्याची पाळी येईपर्यंत ही जागा बंद झाली असेल. मावशीनं ओल्या दगडावर हात फिरवला, पदराला पुसला आणि म्हणाली, गाडी चुकंल.

खाली उतरताना मुख्य गल्लीत तिनं मान वर करून घरांचे वरचे मजले पाहिले. दगडी चौकटीच्या खिडक्या, एकीला एक लागून, भिंतभर. खाली आता साबणाची आणि मिठाईची दुकानं आहेत. तिनं खिडक्या मोजल्या आणि मला न विचारताच सांगितलं, वरती माग होता.